जत्रेतला पिवळा मीटर

शहाद्याच्या स्टँडवर सुरत गाडी लागली आणि आई रडायच्या तयारीला लागली. आमच्या आईचं रडणं पद्धतशीर असतं. आधी पदर हातात घेते, मग आजूबाजूला ओळखीचं कोण कोण आहे ते बघते, आणि मग सुरू. मी म्हटलं, माय, मी काय लढाईवर निघाले का? आत्याकडे तर चालले, सुरतेत उधन्याला. आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, नुकतीच झाली होती. माहेरी येऊन झोके खेळून परत निघालेल्या लेकीसुनांनी सगळी गाडी भरलेली. बिनलग्नाची निघालेली मी एकटीच, म्हणून त्या सगळ्या माझ्याकडे टकामका बघत होत्या. माझ्या मांडीवर कळण्याच्या भाकरींचं गाठोडं होतं आणि ठेच्याचा वास ड्रायव्हरपर्यंत पोचला होता.

अप्पा, म्हणजे माझे वडील, रडले नाहीत. त्यांनी खिडकीतून हात आत घातला आणि टॉवेलात गुंडाळलेला, वीज मोजायचा पिवळा मीटर माझ्या हातात दिला. आणि म्हणाले, "सारंगखेडानी जत्रा भरनी का घर ये. तवलगून तुन्हं टेबल व्हयनं ते बरंच शे. नई व्हयनं ते धानोरानं स्थळ देखी लेवूत. मंग मन्हं आयकनं पडी."

मी म्हटलं, "आयकसू." जत्रेपर्यंत टेबल, नाहीतर लग्न, असा सौदा ठरला आणि गाडी सुटली.

आपल्या गावात, ब्राह्मणपुरीत मागे राहिलेल्यांनो, आणि माझ्यामागून त्याच गाडीने आलेल्यांनो, तुमच्यापैकी निम्म्या जणी मला फोनवर एकच प्रश्न विचारतात, "ताई, मीटर कोणता घेऊ?" फोनवर सांगून सांगून माझा घसा बसला. म्हणून एकदाचं सगळं लिहूनच टाकते.

टेबल म्हणजे काय, ते आधी सांगते. सुरतेत कापडावर भरतकाम करणारी मोठमोठी मशिनं आहेत. त्या मशिनांच्या पोटातले बोर्ड बिघडले की दुरुस्तीच्या दुकानात येतात. बोर्डाला इथे कार्ड म्हणतात. दुकानात प्रत्येक मेकॅनिकचं आपलं टेबल असतं. टेबल मिळालं की तुम्ही मेकॅनिक. तोवर स्टुलावर बसायचं आणि दुसऱ्यांची कार्डं ब्रशने साफ करत राहायचं. मी शहाद्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकले होते, आणि मला टेबल पाहिजे होतं. धानोऱ्याचं स्थळ वाईट होतं असं मुळीच नाही. केळीची बाग, पाण्याची सोय, पोरगाही दिसायला बरा. पण त्या वर्षी मला नवरा नको होता, टेबल हवं होतं. हे मी घरात मोठ्यांदा म्हटलं तेव्हा आईने ताट असं आपटलं की शेजारच्या काकू विचारायला आल्या.

आता मीटरचं. आमचे अप्पा घोड्याचे पारखी. स्वतःकडे एकच घोडी, तीही म्हातारी आणि आमच्या आईइतकीच हट्टी, पण दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांची जत्रा भरते तिथे लोक अप्पांना हाताला धरून नेतात, "अप्पा, जरासं देखी द्या ना." माझं आयटीआय संपलं त्या वर्षी अप्पा जत्रेतून परतताना एका पालावर थांबले. एका बाजूला घुंगरमाळा आणि लगाम, दुसऱ्या बाजूला टॉर्च, चार्जर, मीटर असला सगळा माल मांडलेला. अप्पांनी सगळ्यात पिवळाधमक, सगळ्यात जाडजूड मीटर उचलला. हातावर तोलला. मधलं बटण गोल फिरवून कट्‌ कट्‌ आवाज ऐकला. विकणाऱ्याने सांगितलं, हा हजार व्होल्टपर्यंत मोजतो. झालं! अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "आपली विहीरनी मोटार चारशेवर चालस. हाऊ हजार देखस. दुप्पटपेक्षा जास्त ताकद शे याम्हा!" आणि मी आयटीआय शिकलेली शहाणी, मीही खूश. माझ्या मालकीचं ते पहिलं हत्यार होतं. बसमध्ये सगळ्यांना दाखवत आले.

सुरतेत आत्याच्या ओळखीने मी रफिकचाचांच्या दुकानात लागले. चाचा मूळचे नंदुरबारचे. त्यांच्या वडिलांचं तिथे रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. चाचा तरुणपणी सुरतेला आले आणि इथलेच झाले. गिऱ्हाइकाशी गुजराती, बायकोशी उर्दू, आणि मला बघितलं की अहिराणी. पहिल्याच दिवशी त्यांनी कायदा सांगून टाकला. "देख बेटा, खिडकीजोडनं टेबल रिकामं शे. पन मन्ह्या दुकानमा ज्याना मीटर, त्यानंच टेबल. दुसराना मीटर मांगाना नई." त्यांचं म्हणणं असं की टेबलावर बसणाऱ्याने आपल्या आकड्याची जबाबदारी आपण घ्यायची. मागून आणलेल्या मीटरने मोजलं की माणूस चूक झाली तर मीटरच्या मालकाकडे बोट दाखवतो. मी ऐटीत पिशवीतून पिवळा मीटर काढून दाखवला. चाचा नुसते "हं" म्हणाले. आता मला कळतं, ते "हं" काय होतं.

सुरुवातीचे महिने ब्रश, सोल्डर आणि चहा यांत गेले. संध्याकाळी आत्याकडे गेलं की ती विचारायची, "आज काय सुधारं?" मी म्हणायची, "आज धूळ झटकी." गावाकडे मी अंगणात खाट टाकून झोपायची, इथे आत्याच्या गॅलरीत वाळत घातलेल्या साड्यांखाली. गावात कोण कुठे चाललंय हे मला चपलांच्या आवाजावरून कळायचं. इथे शेजारचं दार उघडलं तरी कोण आलं ते कळेना. दर रविवारी अप्पा व्हिडिओ कॉल करायचे आणि माझ्याऐवजी घोडीचंच तोंड दाखवायचे. मी तिच्याशी बोलायची. मागून आईचा आवाज यायचा, "जेवनी का ती?" आणि मला कळायचं नाही, हे घोडीला विचारतेय की मला.

मग तो दिवस आला. भरतभाई नावाचे कारखानेवाले एक पॉवर सप्लाय घेऊन आले. मशीनला पाच व्होल्ट पुरवणारा तो डबा. चाचा नमाजाला गेले होते, भरतभाईंना घाई. मी म्हटलं, मी बघते. पिवळा मीटर लावला तर आकडा सहाच्याही वर! मी छातीठोकपणे सांगितलं, "सप्लाय गया. ज्यादा व्होल्ट दे रहा है. लगाओगे तो कार्ड जलेगा." भरतभाईंनी कपाळाला हात लावला. नवा सप्लाय मागवायला ते फोन काढतच होते, तेवढ्यात चाचा आले. त्यांनी आपल्या जुन्या मीटरने मोजलं. पाच. बरोब्बर पाच. सप्लाय ठणठणीत होता.

मीटरमधली चौकोनी बॅटरी उतरली होती. आणि चांगला मीटर अशा वेळी पडद्यावर बॅटरीची खूण दाखवून सांगतो की बाबा, माझ्यावर आता विश्वास ठेवू नको. आमचा पिवळा पठ्ठ्या काही न सांगता वाढवून वाढवून आकडे फेकत होता. भरतभाईंनी मीटर हातात घेतला, उलटासुलटा केला आणि खो खो हसत म्हणाले, "आ तो मेळानो मीटर छे!" त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'मेळावाली बेन', म्हणजे जत्रावाली ताई, झाले. जाताना येताना हाक, "केम मेळावाली?" मला इतका राग यायचा! स्वतःसाठी नाही हो, अप्पांसाठी. त्यांनी केवढ्या हौसेने घेतलेली वस्तू, आणि हा माणूस तिच्यावर दात काढतो.

दिवाळीत मार्केट बंद झालं, लाभपंचमीला उघडलं, आणि अप्पांचा फोन आला. "जत्रा जोडे ऊनी. घोडा येवाले लागतीन आते. टेबलनं काय?" मी म्हटलं, "बघते." अप्पा म्हणाले, "धानोरावाला जत्रामा येनार शेत." बस्स, एवढंच. त्यांनी दम दिला नाही, पण माझी भूक मेली. चाचांना मी सरळ विचारलं, "चाचा, मला टेबल कधी देणार?" चाचा म्हणाले, "तू मीटर आन. मी आनी देनार नई, आन कोनता आनू ते सांगनार बी नई. तुन्हा मीटर देखी, मंग ठरावसू." म्हणजे कोणता मीटर निवडते यावरून ते मला जोखणार. साठवलेला पगार होता, पण एकदाच घेता येईल एवढाच. चुकले असते तर थेट धानोरा!

त्या रात्री मला एकदम जत्रेतले अप्पा आठवले आणि हसूच आलं. कारण अप्पा घोडा असा घेतच नाहीत! विकणारा घोड्याला रंगवतो, गोंडे बांधतो, मऊ मातीच्या रिंगणात नाचवून दाखवतो. अप्पा तिकडे ढुंकून बघत नाहीत. ते म्हणतात, "नाच ऱ्हाऊ दे. दगडवर चालाडी दाखाड." मग दात बघतात. मग एकेक पाय उचलून खूर बघतात. मग त्याला तहानलेला, थकलेला बघायला संध्याकाळी पुन्हा जातात. ताज्या घोड्याची सगळेच तारीफ करतात, थकल्यावर कसा वागतो ते बघ, असं ते मला लहानपणापासून सांगत आलेत. घोड्यासाठी एवढी अक्कल लावणाऱ्या माणसाने मीटर मात्र रंग बघून, तोलून आणि नाच बघून घेतला. नवी वस्तू पुढ्यात आली की चांगली चांगली माणसं आपलीच विद्या विसरतात. मी ठरवलं, आता मीटर घ्यायचा तो घोड्यासारखा.

दुसऱ्या दिवशी मी चाचांकडून एक सेल आणि एक रेझिस्टन्स मोजून घेतला, दोन्हींचे आकडे मार्करने लिहिले. पिवळ्या मीटरमधली ती उतरलेली बॅटरीही काढून पर्समध्ये टाकली. आणि मार्केटमधल्या मोठ्या दुकानात जाऊन म्हटलं, सगळे काढा.

दुकानदाराने आधी दिव्यांचे, रंगांचे, बोलणारे मीटर काढले. एक तर मोजलेला आकडा बाईच्या आवाजात सांगत होता. मी म्हटलं, बडबड करणारं घरात कमी नाही. प्रत्येकाला मी माझा सेल आणि रेझिस्टन्स मोजायला लावला. चुकीचं मोजणारे तिथेच बाद झाले. मग मीटरच्या दोन्ही वायरींची टोकं एकमेकांना टेकवून पिक्‌ वाजतो का ते बघितलं; विजेची वाट सलग असली की तो वाजायला हवा. काही मीटर टेकवल्यावर विचार करून वाजत होते, सोडल्यावरही रेंगाळत होते. मला टेकताक्षणी वाजणारा आणि सुटताक्षणी गप्प होणारा पाहिजे होता. वायरी वाकवून बघितल्या, मऊ हव्यात. कडक वायरी वर्षभरात मुळापाशी तुटतात. मग मी स्क्रू-ड्रायव्हर काढून मागचं झाकण उघडायला लागले, तसा दुकानदार उठून उभाच राहिला.

"बेन, मीटर लेवानो छे के छोकरो जोवानो छे?"

मी म्हटलं, "छोकरा होता तो इतना टाइम नहीं लगाती." दुकानातले सगळे हसले, तोही हसला, आणि झाकण उघडू दिलं. आत फ्यूज बघायचा होता. बाहेर हजार काय, दहा हजार व्होल्ट छापायला काय जातं! चुकून जास्त वीज शिरली तर तुमचा हात वाचवतो तो आतला फ्यूज. कुठे काचेची बारीकशी नळी, कुठे तर नुसती तारच लावलेली. ज्यात चिनी मातीचा जाडजूड फ्यूज होता ते मी वेगळे ठेवले. ते दोनच उरले.

आणि शेवटी दगडावर चालवणं. दोघांमध्ये मी अप्पांच्या मीटरमधली उतरलेली बॅटरी घातली. एकाने मुकाट्याने चुकीचा आकडा दाखवला. चांगला देखणा होता हो, निळा. दुसरा करड्या रंगाचा, म्हशीच्या रेडकासारखा दिसणारा. त्याने पहिल्यांदा बॅटरीची खूण दाखवली, मगच आकडा दाखवला. थकल्यावर खरं बोलला. मी म्हटलं, हाच.

चाचांनी करडा मीटर हातात घेतला. झाकण उघडून आत बघितलं, बंद केलं. परत "हं" म्हणाले, पण हे "हं" वेगळं होतं. तेवढ्यात भरतभाई दारात. त्यांचं एक कार्ड पुन्हा पुन्हा येत होतं. दुकानात टेस्टिंगला लावलं की मस्त चालायचं, कारखान्यात मशीनवर लावलं की मध्येच कधीही बंद. सगळ्या मेकॅनिकनी बघून झालं होतं. चाचांनी ते कार्ड माझ्यापुढे सरकवलं आणि खिडकीजवळच्या टेबलाकडे मान केली. "बस. ढूंढ."

मी बसले. कार्ड बघितलं, काहीच नाही. मग म्हटलं, दुकानात चालतं आणि कारखान्यात बंद पडतं, म्हणजे दुखणं कार्डाचं नसेल. मी भरतभाईंना सांगितलं, कार्डाला मशीनवर जी लांब केबल जोडता ती घेऊन या. ते कुरकुरले, "मेळावाली बेन, केबल नवीच छे." पण माणूस पाठवून आणवली. एकेक वायर मीटरला लावली. पिक्‌, पिक्‌, सगळ्या ठीक. भरतभाई चाचांकडे बघून भुवया उडवायला लागले. मशीन चालताना ही केबल सारखी वाकते, सरळ होते, हे मला माहीत होतं. म्हणून मीटर वायरीला लावलेला ठेवूनच मी केबल एका टोकापासून बोटाबोटाने वाकवत निघाले, अप्पा एकेक पाय उचलून खूर बघतात तशी. वायरीमागून वायर गेली. दुकानातले पंखेसुद्धा मला मोठ्याने ऐकू यायला लागले.

आणि मध्यावर एका जागी पिक्‌चा आवाज तुटला. पापणी लवेल तेवढाच, पण तुटला. पुन्हा वाकवली, पुन्हा तुटला. वरचं आवरण शाबूत आणि आत तांब्याची तार मोडलेली! पिवळ्या मीटरचा आवाज तिथे रेंगाळला असता आणि मला कधीच कळलं नसतं. मी भरतभाईंच्या हातात ती जागा दिली आणि म्हटलं, "आता तुम्ही वाकवा." त्यांनी वाकवली, आवाज तुटला. त्यांनी परत वाकवली. मग मोठ्याने म्हणाले, "वाह, मेळावाली, वाह!" त्या दिवसापासून ती हाक मला आवडायला लागली. चाचांनी टेबलावरचं सामान स्वतःच्या हाताने उचललं, फडक्याने टेबल पुसलं आणि चहा मागवला. मी बाहेर जाऊन थोडी रडून आले. आईसारखं पद्धतशीर नाही, घाईघाईने.

जत्रेला मी पोचले तेव्हा अप्पा एका पांढऱ्या घोडीचे दात बघत होते. मला बघून विचारलं, "टेबल?" मी म्हटलं, "व्हयनं." अप्पांनी घोडीचं तोंड सोडलं. मग एकदम विचारलं, "मन्हा मीटरवर ना?"

मी खोटं बोलू शकले असते. पण मीटर निवडायला शिकलेल्या बाईने खोटं काय बोलायचं? मी सांगितलं, "अप्पा, तुन्हा मीटर लबाड निंघना." आणि सगळी हकिगत सांगितली. अप्पांचा चेहरा पडला, मग लाल झाला, आणि मग त्यांनी माझा हात धरून मला तरातरा थेट त्या पालापुढे नेलं. पाल याही वर्षी तिथेच होतं. "मन्ही अंडेर, मन्ही लेक देखी ऱ्हायनी, थांब," असं त्या माणसाला दरडावून त्यांनी मला करडा मीटर काढायला लावला. मी एकेक मीटर तपासायला लागले. अप्पा शेजारी मीटरच्या वायरी धरून उभे. घोडेवाले जमले. कोणी विचारलं, अप्पा, हे काय? अप्पा म्हणाले, "दात देखी ऱ्हायनी ती." लोक हसले आणि तिथेच थांबले.

त्या गर्दीत धानोऱ्याचे पाहुणेही होते. मुलाचे वडील. मी मनात म्हटलं, आता आली पंचाईत. ते पुढे आले, पिशवीत हात घातला आणि तसलाच पिवळाधमक मीटर बाहेर काढला. "मन्हाबी आठलाच, याच पालना शे. देखी दे ना माय." मी बघून दिला. नवी बॅटरी घालायला सांगितली, आणि मोटारीच्या स्टार्टरला हा चुकूनही लावू नका, ट्रॅक्टरच्या बॅटरीपुरताच वापरा, हेही बजावलं. त्यांनी अप्पांच्या पाठीवर थाप मारली. स्थळाचा विषय त्या जत्रेत कोणी काढला नाही, आणि आईनेसुद्धा ताट आपटलं नाही.

आमचा पिवळा मीटर आता गोठ्यात खिळ्याला टांगलेला आहे. दर जत्रेला मी त्यात नवी बॅटरी घालते, अप्पा त्याने ट्रॅक्टरची बॅटरी मोजतात आणि आकडा मला मोठ्याने सांगतात. मी म्हणते, बरोबर शे. सुरतेत माझं टेबल आहे, खिडकीजवळ, आणि माझं काम तिथेच आहे. पण टेबलावर बसून जे करते ते ज्याच्याकडून शिकले, तो माणूस गोठ्यात घोडीचे पाय उचलत बसलेला असतो. म्हणून दोन्हीकडे मला घरचंच वाटतं आणि दोन्हीकडून निघताना मी मागे वळून वळून बघते. पोरींनो, तुम्हीही बघाल. खुशाल बघा, आणि मीटर झाकण उघडून बघूनच घ्या.

त्या वर्षीची जत्रा संपल्यावर मी पुन्हा शहाद्याच्या स्टँडवर. सुरत गाडी लागली. आईने पदर हातात घेतला, आजूबाजूला बघितलं आणि सुरू केलं. अप्पा खिडकीशी आले आणि म्हणाले,

"सारंगखेडानी जत्रा भरनी का घर ये."

मी पुढच्या, धानोऱ्याच्या वाक्याची वाट बघत राहिले. पुढचं वाक्य नव्हतंच. अप्पांनी खिडकीच्या गजावर दोन थापा मारल्या, घोडीच्या मानेवर मारतात तशा, आणि गाडी सुटली.